आधी मावशीचं बोट

१४ जुलै

बटण आज राहायला आली. दोन बॅगा, दप्तर आणि एक निळा डबा. तो डबा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, काचेचं सामान आणावं तसा मांडीवर धरून आणला. त्यात इन्सुलिनची पेनं, सुया आणि साखर मोजायचं यंत्र आहे. धाकटी आणि मेहुणे, दोघांचीही बदली झाली. शाळेचं वर्ष मोडायला नको म्हणून पोरगी वर्षभर माझ्याकडे.

बटण हे नाव मीच ठेवलेलं. जन्मली तेव्हा शर्टाच्या गळ्यापाशी लावावी एवढीशी होती. आता पंधरा वर्षांची आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

जायच्या आधी धाकटीनं मला शिवणाच्या टेबलापाशी बसवलं. "ताई, हा म्हाताऱ्या माणसांचा डायबेटिस नाही. हिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. बाहेरून घेतलं नाही तर जेवलेलं अंगी लागत नाही. मग शरीर स्वतःलाच खायला लागतं आणि रक्तात विष साठतं. चुकवाचुकवी केली तर जिवावर बेतेल. आजार कळायच्या आधी कशी काडी झाली होती, आठवतं ना? आता अंग भरलंय ते इन्सुलिनमुळेच. रोज सकाळी साखर मोजायची आणि मला आकड्याचा फोटो पाठवायचा. विसरायचं नाही."

"झालं प्रवचन?" बटण दारातून म्हणाली. "मावशी, माझा एकच नियम. मला 'गोड खाऊ नकोस' म्हणायचं नाही. गोड खाऊन झालेला नाही हा."

"मी कशाला म्हणू गं?"

"सगळेच म्हणतात. परवा रिक्षावालासुद्धा म्हणाला."

धाकटी गाडीत बसेपर्यंत रडली नाही. गाडी वळल्यावर रडली असणार. तिला मी ओळखते.

२७ जुलै

घर एकदम भरल्यासारखं वाटतं आहे. न्हाणीघरात दुसरा कंगवा, खिडकीत वाळत घातलेले मोजे, मशीनच्या आवाजावर कुणाचं तरी गाणं. इतकी वर्षं मी एकटीच बोलत असे, तेही पुतळ्याशी. कपडे चढवून बघायचा तो पुतळा बटणला भारी आवडला आहे. त्याला ती 'काका' म्हणते.

पोरगी शहाणी आहे. जेवायच्या आधी हिशेब करते, पेन घेते, पोटाला टोचते आणि लगेच ताट ओढते. मला बघवत नाही म्हणून मी आमटी ढवळत राहते. "मावशी, आमटी ढवळून ढवळून फाटेल," म्हणते.

६ ऑगस्ट

शाळेच्या नाटकाचे सगळे पोशाख यंदाही माझ्याकडे आले. नाटकाच्या बाईंनी बटणला हिवाळ्याच्या राणीचं काम दिलं आहे! मुख्य काम. पांढरा पायघोळ झगा, गच्च कंबर, पाठीला बारीक हुकांची ओळ. कापड हातात घेतलं आणि मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांचा शिवणवर्ग आठवला. खळीचा वास, लांब बाकं, आणि काज नीट झालं नाही की न रागावता कात्रीनं ते कापून पुन्हा करायला लावणाऱ्या आमच्या सिस्टर. आज त्यांनी हे कापड पाहिलं असतं तर बोटानं एकदा चुरगळून नुसतं "हं" म्हणाल्या असत्या. तेवढं पुरे असायचं.

दुपारी सगळ्या मुली मापं द्यायला आल्या. बटणची मैत्रीण शिडी (उंच आणि हडकुळी, नाव मुलींनीच ठेवलेलं) लिहून घ्यायला बसली. मी नेहमीसारखी मापं पुकारत गेले. "छाती चौतीस. कंबर एकतीस."

"एकतीस?" शिडी म्हणाली. "मागच्या वर्षीची राणी चोवीस होती ना मावशी?"

मुली फिस्सकन हसल्या. बटण सगळ्यांत जास्त हसली. "आमची राणी हिवाळ्यासाठी चरबी साठवते," म्हणाली. अशी विनोदी आहे. कशाचं मनाला लावून घेत नाही, हे बरं आहे.

रात्री भूक नाही म्हणाली.

१९ ऑगस्ट

आता इन्सुलिन ती न्हाणीघरात घेते. "तू तोंड फिरवतेस ते मला दिसतं मावशी. उगाच कशाला तुला त्रास?" मला भरून आलं. एवढ्या लहान वयात दुसऱ्याचा इतका विचार.

२५ ऑगस्ट

यंत्राविषयी आज एक नवी गोष्ट कळली. बटण म्हणाली, ते जुनं होत चाललं की चुकीचे आकडे दाखवतं. म्हणून त्याला आधी निरोगी माणसाचं रक्त दाखवायचं, मग तिचं. म्हणजे त्याला नीट काय आणि बिघडलेलं काय ते समजतं.

यात मला काही नवल वाटलं नाही. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. मी आजही अधूनमधून ती स्टीलच्या पट्टीवर धरून बघते. सिस्टरांची शिकवण. टेप खोटी निघाली तर जगातला सगळ्यांत हुशार शिंपीसुद्धा खोटाच झगा शिवणार.

"म्हणजे मी तुझी स्टीलची पट्टी!" मी म्हटलं.

"अगदी बरोबर," बटण म्हणाली आणि माझं बोट पुसायला लागली. "आईला मात्र सांगू नकोस. ओरडेल, मावशीला कशाला टोचतेस म्हणून."

२ सप्टेंबर

सकाळचा चहा व्हायच्या आत आमचा कार्यक्रम होतो. "आधी मावशीचं बोट," ती म्हणते. टुच्च. यंत्राची पट्टी माझ्या थेंबाला लावते आणि पट्टी तो थेंब सुर्रकन ओढून घेते. मग बटण पाठमोरी होऊन स्वतःचं बोट टोचते. कुणी बघितलेलं तिला आवडत नाही. मग माझ्या फोनवरून आकड्याचा फोटो धाकटीला जातो. चष्मा सकाळी कधी सापडत नाही, म्हणून आकडा बटणच वाचून दाखवते. अठ्ठ्याण्णव. एकशे चार. धाकटीकडून लगेच बदामाचं चित्र येतं.

मला मूल नाही. सकाळी एकाच टेबलावर दोघींच्या बोटांना कापूस धरून बसायचं, यात मला जे सुख होतं ते कुणाला सांगायला गेले तर वेड्यात काढतील.

१० सप्टेंबर

झगा पहिल्यांदा अंगावर चढवला. कंबरेत चक्क दोन बोटं सैल! मी मापात चुकले की काय म्हणून टेप पट्टीवर धरून पाहिली. टेप बरोबर होती. बाजूच्या शिवणी आत घेतल्या.

"तालमीत नाचून नाचून उतरली," मी म्हटलं.

बटण आरशात बघत होती. इतका वेळ की शेवटी मी तिच्या पाठीवर चापट मारली. दंडाला चुकून टाचणी लागली, पण तिला कळलंही नाही.

२१ सप्टेंबर

पुन्हा आत घेतला. शिडी बसली होती. ती म्हणाली, "मावशी, आता हिला सुईतच ओवा." पण तिला स्वतःला हसू आलं नाही. जाताना दारात घोटाळली. "मावशी, बटण वर्गात सारखी पाणी पिते. आणि सारखी बाहेर जाते. बाई ओरडल्यासुद्धा."

"उन्हाळ्यासारखं गरम होतंय गं. मी पण तांब्यावर तांब्या पिते," मी म्हटलं.

"हो," शिडी म्हणाली आणि गेली. मैत्रिणीला मुख्य काम मिळालं की थोडं जळायला होतंच. आमच्या वेळीही असंच होतं.

धाकटीला फोनवर सांगितलं, पोरगी कशी सुरेख दिसायला लागली आहे. ती म्हणाली, "साखर नीट आहे ना ताई?" "तुलाच तर फोटो येतात," मी म्हटलं. "हो, ते आहेच. इतके छान आकडे तर माझ्याकडे असताना कधी नव्हते. तुझ्या हाताला यश आहे बाई."

तो शब्द मी दिवसभर जपून ठेवला.

२९ सप्टेंबर

बटणच्या दंडावरची टाचणीची जखम अजून लालच आहे. हळद लावली.

औषधांच्या दुकानातून फोन आला. "मावशी, या महिन्याची पेनं न्यायला कुणी आलं नाही." मी फ्रिज उघडून पाहिला, दारात गेल्या महिन्याचीच पडली आहेत. "शिल्लक आहेत," मी सांगितलं. काटकसरी आहे पोर. धाकटी या वयात किती उधळी होती!

४ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात काहीतरी पिकून चाललं आहे. गोडसर वास येतो, जास्त पिकलेल्या नासपतीसारखा, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. टोपली उपसली, ओटा धुतला, कपाटामागे पाहिलं. काही नाही. आणि गंमत अशी की वास कधी स्वयंपाकघरात येतो, कधी तिच्या खोलीत, तर काल हुक लावताना माझ्या अगदी नाकाशी होता.

"नखं रंगवलीस का?" मी विचारलं. बटणनं दहाही बोटं पुढे केली. कोरी. इतकी बारीक बोटं कधी झाली?

पायात गोळे येतात म्हणते. तालमी फार होताहेत. पण कंबर! टेप मीच लावली, यावेळी पुकारली नाही, कारण पुकारायला कुणी नव्हतं. तिनंच खाली वाकून वाचलं, "चोवीस." आणि डोळे मिटून घेतले, देवासमोर मिटावे तसे.

८ ऑक्टोबर

गुडघा असह्य झाला. पोशाखांपायी सारखं मशीनवर बसणं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सरळ सांध्यात इंजेक्शन दिलं. सुई पाहून मी डोळे मिटले आणि बटणची आठवण काढली. ती रोज सहन करते, आपण एकदा नाही का करणार? संध्याकाळी चालताना पाय पिसासारखा वाटला. नाटक चौदा तारखेला आहे.

९ ऑक्टोबर

आज सकाळी विचित्र प्रकार. माझं बोट झालं, तिचं झालं आणि बटण यंत्राकडे बघतच राहिली.

"मावशी, काय खाल्लंस तू?"

"मी? चहासुद्धा नाही घेतला अजून. का गं?"

"काही नाही."

"किती आली?"

"एकशे एकोणनव्वद."

"तुझी साखर वाढली तर मी काय खाल्लं ते कशाला विचारतेस, वेडाबाई?"

ती हसली नाही. फोटो पाठवायलाच तयार नव्हती. मीच हट्ट धरला. ठरलेला नियम आहे, आकडा वाईट आला म्हणून मोडायचा नसतो. लगेच धाकटीचा फोन आला. नाटकाचा ताण असेल, दोन युनिट जास्त घे, म्हणाली. बटण "हो आई, हो आई" करत न्हाणीघरात गेली. तिथून बराच वेळ फक्त नळाचा आवाज येत होता.

१० ऑक्टोबर

आज दोनशे एक. बटणला सकाळी उलटी झाली. नाटकाची धास्ती. मला पण बक्षीस समारंभाच्या आधी अशीच व्हायची. घरी राहा म्हटलं तर ऐकेना, आज पोशाखासह तालीम आहे म्हणाली. जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहिली आणि धावून आल्यासारखा श्वास घेत होती. उतरताना कुणाला दम लागतो का? झगा मी पिशवीत घालून दिला. जाताना तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. तोच वास.

गुडघ्याचा पट्टा आणायला दवाखान्यात जायचं आहे. आल्यावर लिहीन.

११ ऑक्टोबर, इस्पितळ

लिहिलं नाही तर मी काहीतरी फोडीन.

काल डॉक्टरांनी पट्टा बांधून दाखवला आणि सहज विचारलं, "तुम्हाला साखरेचा त्रास नाही ना? या इंजेक्शननं कधीकधी चार-पाच दिवस साखर वर जाते. तुमच्या वयात तर जातेच. घाबरू नका, येते खाली."

"नाही, मला नाही," मी म्हटलं. "माझ्या भाचीला आहे. तिचीच वाढली आहे दोन दिवस."

"तिला कुठे दिलंय मी इंजेक्शन?" ते हसले.

मीही हसले. पट्ट्याचा बंद लावला. पिशवी उचलली. दारापर्यंत गेले आणि तिथे माझे पाय थांबले. इंजेक्शन माझ्या गुडघ्यात. वाढलेला आकडा तिचा. काय खाल्लंस तू, असं तिनं मला विचारलं होतं. मला.

तिचं रक्त त्या यंत्रानं कधी पाहिलंच नव्हतं. दीड महिना मी माझाच आकडा तिच्या आईला पाठवत होते.

शाळेत कशी पोहोचले आठवत नाही. मुली रंगमंचावर रांगेत उभ्या होत्या, राणीची जागा मोकळी. पोशाखांच्या खोलीत शिडी जमिनीवर बसली होती, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझी बटण. पांढऱ्या झग्यात. खोल, जोरजोरात श्वास घेत होती, जणू श्वास घेणं हे एकच काम जगात उरलंय. ओठ कोरडे, सुकलेल्या डिंकासारखे. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत मी नव्हते.

"ती म्हणाली कुणाला बोलावू नकोस," शिडी रडत होती. "मी बाईंना बोलावणारच होते मावशी, आत्ता बोलावणारच होते."

हुक निघेनात. मीच घातलेले, इतके जवळजवळ. शेवटी मी कात्री मागितली आणि पाठ उभी कापली.

इथे त्यांनी तिच्या बोटातून थेंब घेतला तेव्हा यंत्रानं आकडाच दाखवला नाही, नुसतं 'हाय' लिहून आलं. नर्स म्हणाली, इतकी जास्त की त्याच्या मोजण्यापलीकडे. डॉक्टरीणबाई वयानं, मला मुलगी असती तर तिच्याएवढ्या असतील. त्यांनी मला आवाज न चढवता सांगितलं की मुलगी बरेच आठवडे इन्सुलिन चुकवत होती, आणि तो गोडसर वास तिच्या श्वासाचाच होता, रक्तात साठलेल्या विषाचा. वजन उतरावं म्हणून काही मुली असं करतात. आणखी एक दिवस गेला असता तर त्यांनी मला वेगळ्या खोलीत बसवून वेगळं काहीतरी सांगितलं असतं.

धाकटी दुपारी पोहोचली. मला वाटलं ओरडेल. ती माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि एकेका बोटाच्या टोकाकडे बघत राहिली. टोचल्याच्या बारीक काळ्या खुणा. "ताई," एवढंच म्हणाली.

१३ ऑक्टोबर

शुद्धीवर आहे. आज नर्स यंत्र घेऊन आली तेव्हा मी नकळत माझं बोट पुढे केलं. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. बटणनं तोंड भिंतीकडे वळवलं.

धाकटी चहा आणायला गेल्यावर मी विचारलं, "का गं बाळा?"

भिंतीकडेच बघत बोलली. "तू मोठ्यानं पुकारलंस. एकतीस. सगळ्यांसमोर."

"मी सगळ्यांचीच पुकारते राणी."

"माहितीये."

मग म्हणाली, "आणि नंतर तू किती खूश व्हायचीस, मावशी. दर वेळी आत घेताना."

 

२ नोव्हेंबर

नाटक तिच्याशिवाय झालं. राणी शिडी झाली, दुसऱ्या झग्यात. बटण घरी आहे. धाकटीनं महिनाभराची रजा काढली आहे, पण बटण म्हणते वर्ष इथेच पुरं करणार. दर आठवड्याला एका बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं असतं. औषध देत नाहीत, बोलतात.

मी चष्म्याला दोरी लावून गळ्यात घातली आहे. रोज समोर बसते, तोंड फिरवत नाही. तिचं बोट, तिचा थेंब, तिचा आकडा. कधी दोनशे सत्तर, कधी साठ आणि मग धावपळ करून साखरपाणी. एकही आकडा सरळ नाही, पण खरा आहे. गाल थोडे भरले आहेत. मी त्याबद्दल अक्षर काढत नाही. आरशावर चादर टाकावी असं मनात आलं होतं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नको.

काल दुपारी तो झगा दुरुस्त करायला घेतला. पाठ जोडली. मग बाजूच्या सगळ्या शिवणी उसवल्या, पहिल्या खुणेपर्यंत. नशीब, शिवणीच्या आत जादा कापडाची माया भरपूर ठेवली होती. बटण दारातून बघत होती. "कशाला मावशी? आता कुठे घालायचाय मला?"

"कुठेही घाल. तुझ्या मापाचा असू दे."

"छान," ती म्हणाली. फार छान म्हणाली.

११ नोव्हेंबर

सगळं बरं चाललं आहे. आज धाकटी बाजारात गेली, बटण शाळेत. मी इस्त्री करायला कपाटातून झगा काढला.

कंबर आत घेतलेली आहे.

मी नाही घेतली. दोन्ही बाजूंना कच्चे टाके आहेत, पांढऱ्या दोऱ्याचे, अगदी जुन्या, शेवटच्या खुणेवर. टाके नवख्या हाताचे आहेत, एक मोठा, एक लहान, पण ओळ सरळ. गाठ मात्र माझ्यासारखी आतून मारली आहे. मीच तिला ती शिकवली होती, पुतळ्यावर, ऑगस्टमध्ये. "काकांना टोचेल हं," म्हणून हसली होती.

फ्रिज उघडून पेनं पाहिली. संपायला हवी होती तेवढी संपली आहेत. पण पेन सिंकमध्ये दाबलं तरीही ते संपतंच, हे आता मला माहीत आहे.

आज सकाळचा आकडा एकशे दहा होता. मी समोर बसले होते. चष्मा होता. बोट तिचंच होतं. मी पाहिलं. पाहिलं ना मी?

टाके मी उसवले नाहीत. धाकटीला फोन केला, आहेस तशी परत ये म्हटलं. शिडीलाही निरोप दिला, शाळा सुटली की दोघी एकत्र या. मग खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि झगा मांडीवर घेऊन बसले आहे. यावेळी मी काही पुकारणार नाही. ती आली की जवळ घेईन आणि आधी तिच्या केसांचा, मग श्वासाचा वास घेईन.

जिन्यावर पावलं वाजताहेत. मोजून एकेक पायरी, मध्ये थांबत. कठड्याला हात घासत.